सुरुवातीचे सहा चिंचोके

आमच्या घरात कोणतीही गोष्ट दादापासून सुरू व्हायची. ताटं मांडली की पहिलं ताट दादाचं. पोळीचा गरम पापुद्रा दादाचा, दुधावरची साय दादाची, दिवाळीचं पहिलं उटणंही त्याच्याच अंगाला. माझा तिसरा नंबर. मधे बाबा होते, ते मोठ्या मनाने दुसऱ्या नंबरावर बसत. माय कितव्या नंबरावर होती हे कोणी मोजलं नाही, कारण ती जेवायला बसायची तेव्हा मोजणारे आचवून उठलेले असायचे. आता या वयात कोणाची उणीदुणी काढायची नाहीत असं मी रोज सकाळी ठरवते आणि चहा झाला की विसरते.

शिकणंही दादापासूनच सुरू व्हायचं. तो बुलढाण्याला खोली करून कॉलेजात होता, शास्त्र शाखेला. दोनदा नापास झाला होता. नापास झाला असं घरात म्हणायचं नाही. 'वसंताचा पेपर राहिला' असं म्हणायचं, जसा काही पेपर एसटीत विसरून राहिला. मला मात्र नववीनंतर घरी बसवलेलं. मी मॅट्रिकचं विचारलं की बाबांचं ठरलेलं उत्तर: "आधी त्याचं निपटू दे. मग तुहं पाहू." माणूस वाईट नव्हता हो. शिस्तीचा होता. गाडीला एक बैल जुंपल्याशिवाय दुसरा कसा जुंपायचा, एवढाच त्याचा हिशेब. फक्त पहिला बैल दोन वर्षं झाली तरी जुंपून घेत नव्हता आणि दुसऱ्याचं वय कासऱ्याला बांधल्या बांधल्या चाललं होतं. माझ्यासाठी मोताळ्याकडची दोन स्थळं येऊनही गेली होती. म्हणजे गोष्ट सरळ होती: दादा पास, तर मी मॅट्रिक. दादा नापास, तर मी कोणाच्यातरी ओसरीवर, डोक्यावर पदर घेऊन, चहाचा ट्रे. देवाला मी माझ्यासाठी कधी काही मागितलं नाही. दादाच्या मार्कांसाठी मात्र इतका त्रास दिला की त्यानेही कान झाकून घेतले असतील.

तो उन्हाळ्याचा दिवस होता आणि आमच्याकडे पापडांची पाळी होती. आमच्या गल्लीत पापड एकटीने लाटायची रीत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, ज्या घरी पाळी तिथे सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. सकाळपासून वरवंट्याने उडदाचं पीठ कुटायचा धप धप आवाज, मग तेलाचा हात लावून त्याच्या लाट्या, आणि मग ओसरीभर लाटण्यांची खडखड. कच्ची लाटी तेलात बुडवून खायला जी चव लागते ती मला पुढे कोणत्या लग्नाच्या पंगतीतही लागली नाही. माय एका लाटीकडे बघत नसे, तिचा जीव पापडाच्या गोलाईत. तिचा पापड वाटीने कापल्यासारखा. अक्षर एक येत नव्हतं तिला, पण सणाला अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली की रस्त्यावरचा माणूस पाय उचलून चालायचा.

अशा त्या खडखडीत दादाचा मित्र नामदेव आला. दुसरबीडचा पोरगा, हुशार, बोलायला थोडा जालन्याकडचा. काखेत जीवशास्त्राची दोनशे पानांची वही, ब्राउन कागदाचं कव्हर घातलेली. कॉलेजात सर इंग्रजीत शिकवायचे आणि पोरं फळ्याकडे बघून झोपायची. या नामदेवाने ऐकलेलं सगळं घरी येऊन मराठीत उतरवलं होतं. परीक्षा मराठीत लिहायची मुभा होती, पण मराठीत समजलेला माणूस हा एकच. तेव्हा त्या वहीला काय भाव असेल ते बघा.

"वसंता, उद्या पाचच्या गाडीनं जायलोय मी," नामदेव म्हणाला. "मोताळ्याला मावशीकडं हाय तवर. वही उद्या चारला नेतो. तेवढ्यात उतरून घे."

"घेतो ना बे," दादा म्हणाला. "दोनशे पानं त हायेत. त्यात काय!"

नामदेव चहा पिऊन गेला. दादाने वहीचं पहिलं पान उघडलं, नामदेवाच्या अक्षराचं कौतुक केलं, दोन ओळी उतरवल्या आणि म्हणाला, "बेबे, माहं डोकं जड झालं. तू जराक सुरू कर. मी एक डुलकी घेतो." डुलकी घेतली ती चहाची वेळ उलटेपर्यंत. थकला होता बिचारा, दोन ओळी म्हणजे काही कमी नाही.

मी लाटणं ठेवलं, हात पुसले आणि पहिल्या पानापासून लिहायला बसले. दौत, टाक, ओसरीचा कोपरा, आणि डोक्यात एकच: ही वही उतरली तर दादा, दादा तर मी. चहापर्यंत माझी नऊ पानं झाली. बोटं आखडली. उरलेल्या पानांची चवड बघितली. या चालीने पुढच्या आठवड्यात संपलं असतं. पुढे किती कठीण आहे ते बघावं म्हणून मी पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. वर लिहिलं होतं, 'प्रत काढण्यास सुरुवात कोठून होते?' मला वाटलं, नामदेवाने मलाच विचारलं.

नामदेवाने लिहिलेलं मला अजून पाठ आहे. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो, त्यात त्या जिवाची सगळी माहिती. पेशीची दोन व्हायची तर आधी त्या धाग्याची नक्कल काढावी लागते. धागा दोन पदरांचा पिळलेला. पीळ जिथे प्रथम उघडतो आणि नक्कल सुरू होते त्या जागेला त्याने 'आरंभस्थान' म्हटलं होतं. जिवाणू एवढासा, त्याचा धागा आखूड, बांगडीसारखा गोल. त्याला आरंभस्थान एकच. तिथून एक हात इकडे, एक हात तिकडे, दोघं पलीकडे भेटले की काम फत्ते. पण माणसाचा धागा लांबच लांब. तिथे एकाच जागेवरून सुरुवात केली तर एक नक्कल व्हायला आठवडे लागतील. म्हणून मोठ्या जिवांत आरंभस्थानं हजारो. जागोजागी पीळ उघडतो, जागोजागी काम चालतं, आणि शेवटी तुकडे एकमेकांना मिळतात. म्हणून काही तासांत होतं. बाजूला चित्र होतं, धाग्यात ठिकठिकाणी उघडलेले डोळ्यासारखे फुगवटे.

मी मान वर केली. समोर ओसरीत सहा-सात पोळपाटं, एकाच पिठाच्या गोळ्यातून सगळ्यांना लाट्या, कोणी कोणाची वाट बघत नव्हतं. आणि मी येडी, पहिल्या पानापासून एकटी. आमच्या घराची सवय हो. आमचं घर म्हणजे जिवाणूच. आरंभस्थान एक, आणि तेही झोपलेलं.

मी सुई घेतली आणि नामदेवाच्या वहीची शिवण उसवली.

आत्या ओरडलीच. माझी विधवा आत्या आमच्याकडे असायची, घरात पोथी वाचणारी तीच. "अवं पोट्टे! लोकायची वही फाडून राह्यली काय व?"

"फाडत नाई आत्या, उसवून राह्यली. उद्या दाभणानं शिवून देतो."

"काऊन पण?"

"आत्या, पापड तू एकटीनं लाटशील काय सगळे?"

"मी काऊन एकटीनं लाटू?"

"मंग मी काऊन एकटीनं लिहू?"

आत्याने लाटणं ठेवलं आणि उसवलेला दोरा ओढायला बसली. वहीचे सहा जुडगे निघाले. मग लिहिता येणाऱ्या बाया शोधल्या. गल्लीतल्या दोन नव्या सुना चौथी-पाचवी शिकलेल्या होत्या. आत्या होती. आणि सुमन. सुमन ही वरच्या आळीतल्या मास्तरांची पोरगी, माझ्याच वर्गातली, मॅट्रिक झालेली, तिच्यासारखं अक्षर पंचक्रोशीत नव्हतं. ती बौद्धांची. आत्या तिच्या हातचं पाणी घ्यायची नाही, पण तिच्या हातचं डीएनए घ्यायला तयार झाली. शास्त्राने समाज असा हळूहळू पुढे जातो. सहावा जुडगा मी दादासाठी ठेवला, एवढी तरी आब राखली.

आता घोळ एकच होणार होता. कोणता जुडगा झाला, कोणता नाही, हे कळायचं कसं? सगळ्या उठत-बसत, पापड वाळत घालायला जात. तेव्हा मी चिंचोके घेतले. उन्हाळ्यात आमच्याकडे चिंच फोडलेली असायचीच. काम सुरू व्हायच्या आधी सहा जुडग्यांवर सहा चिंचोके ठेवले आणि सांगितलं, "ज्या जुडग्यावर चिंचोका हाय, तोच उचलायचा. उचलला का चिंचोका या वाटीत टाकायचा. बिनचिंचोक्याच्या जुडग्याले हात लावायचा नाई. आन एकदा काम सुरू झालं का चिंचोका परत ठेवायचा नाई."

"तुह्या बापानं इतकी शिस्त लावली नाई गावात," आत्या म्हणाली, आणि तिने पहिला चिंचोका उचलला.

माझी नात जैवतंत्रज्ञान शिकते. परवा तिला हे सांगत होते तर तिने मोबाईल खाली ठेवला, यावरून समजा. म्हणाली, "आजी, पेशीत असंच होतं! नक्कल सुरू व्हायच्या आधी प्रत्येक आरंभस्थानावर प्रथिनांची एक जोडणी बसते, परवान्यासारखी. काम सुरू झालं की परवाना निघतो आणि फेरी संपेपर्यंत नवा मिळत नाही. म्हणून एका जागेची नक्कल दोनदा होत नाही." मी म्हटलं, बाई, आम्ही चिंचोक्यावर भागवलं. मग तिने आणखी बरंच सांगितलं. यीस्टमध्ये म्हणे आरंभस्थानाची खूण ठरलेल्या अक्षरांची असते, तेवढी ओळ दिसली की तिथेच. माणसात तशी ठरीव ओळ सापडत नाही, जागा मोकळी आणि सोयीची असेल तिथे सुरू होतं. बेडकाच्या अंड्यात तर सुरुवातीला इतकी घाई की कुठूनही. मी म्हटलं, आमच्या घरी यीस्टसारखी ठरीव ओळच होती: 'आधी त्याचं निपटू दे.' ती हसली. तिला गंमत वाटते, तिच्या ताटाचा नंबर तिने कधी मोजला नाही.

तर लाटणी बाजूला झाली आणि ओसरीत टाकांची कुरकुर सुरू झाली. सुमन आणि धाकटी सून एका जुडग्यावर मधल्या पानापासून बसल्या, सुमन पुढे निघाली, सून एकेक पान मागे मागे येत राहिली. आत्याने जन्मभर जुन्या पोथ्या वाचलेल्या, त्यात शब्द तोडत नसत. तिने सगळा जुडगा एका दमात, शब्दांत बोटभर जागा न सोडता लिहून काढला. वाचताना श्वास कुठे घ्यायचा कळत नव्हतं, पण अक्षर एक चुकलं नाही. दादा उठला, चहा प्याला, आपल्या जुडग्यावरचा चिंचोका उचलला, तीन पानं लिहिली आणि अडकला. "हे नामदेवाचं अक्षर लागून नाई राह्यलं," म्हणाला. झोपायच्या आधी त्याच अक्षराचं कौतुक केलं होतं. सुमन त्याच्या जुडग्याच्या शेवटच्या पानाकडून लिहायला बसली. तो तीन पानांवर होता तिथेच राहिला, आणि ती त्याला येऊन मिळाली.

चित्रं मात्र कोणाला जमेनात. मी काढलेला फुगवटा वांग्यासारखा दिसत होता. माय मागे उभी होती, हाताला पिठाचं तेल. "आण इकडं," म्हणाली. मी म्हटलं, "माय, तुले काय समजते त्यातलं?"

"समजाले काय करायचं? दिसते ना मले."

तिने टाक असा धरला जशी रांगोळीची चिमूट. ती एका टोकापासून सुरू करत नसे. आधी ठिपके दिले, कुठे कुठे काय येणार त्याचे. मग इथला डोळा, तिथला डोळा, मग मधल्या रेघा, आणि शेवटी सगळं जुळून आलं. नामदेवाच्या चित्रापेक्षा सरस. कोपऱ्यात तेलाचं बोट उमटलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं झालं. मी दाभणाने दोन्ही वह्या शिवल्या, नामदेवाची आणि आमची. चार वाजता नामदेव आला, आपली वही हातात घेऊन उलटी-सुलटी केली.

"वहीला उडदाचा वास यायलाय," म्हणाला.

"परीक्षेत काही आठवलं नाई त हुंगजो," दादा म्हणाला. स्वतःच सगळं लिहिल्यासारखा बसला होता. नामदेवाने नव्या वहीतलं मायचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी काढलं?" दादा म्हणाला, "आम्हीच." आम्ही. छान शब्द आहे. खूप माणसं मावतात त्यात आणि एकही दिसत नाही.

एक चूक झाली होती, ती दादा बुलढाण्याला गेल्यावर समजली. आत्या नीटनेटकी. सकाळी एक जुडगा वाऱ्याने फडफडताना दिसला म्हणून तिने वाटीतला चिंचोका काढून त्यावर ठेवला. थोरल्या सुनेने चिंचोका बघितला आणि नियमाप्रमाणे तो जुडगा पुन्हा उतरवला. मी शिवताना गठ्ठा नुसता रचला, मोजला नाही की वाचला नाही. म्हणजे आरंभस्थानांचं प्रकरण दादाच्या वहीत दोनदा. एकदा सुमनच्या मोत्यासारख्या अक्षरात, एकदा सुनेच्या तिरप्या अक्षरात. आणि दादाने, माझ्या त्या भावाने, दोन्ही प्रकरणं वेगवेगळी समजून दोन्ही पाठ केली! मला नंतर म्हणाला, "दोन्हीत बरंच साम्य हाय बेबे, पण दुसरं जरा सोपं हाय."

निकाल लागला. जीवशास्त्रात दादा पास, तोही बरा. त्या प्रकरणावर प्रश्न होता आणि त्याने तो दुप्पट तयारीने लिहिला. भौतिकशास्त्राची वही कोणी उतरवून दिली नव्हती, रसायनाचीही नाही. दोन्हीकडे 'पेपर राहिला'. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. मी खांबाला टेकून उभी. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "एक त निघाला. पुढच्या साली बाकीचे निघतीन. मंग तुहं पाहू." आणि सुपारी तोंडात टाकली. पुढच्या साली मी कुठे असणार होते ते त्यांनाही माहीत होतं, मलाही. मोताळ्याचं दुसरं स्थळ परत विचारून गेलं होतं.

मी आत चुलीपाशी येऊन बसले. रडले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. माय भाकर थापत होती. तेवढ्यात मागच्या दाराने सुमन आली. तिच्या ओढणीत घडी केलेला कागद होता, बाहेरून मॅट्रिकला बसायचा, सतरा नंबरचा फॉर्म. तिच्या वडिलांनी शाळेतून आणून दिलेला.

"काल आणला बाबांनी," सुमन म्हणाली. "उद्या शेवटची तारीख हाय. भर."

"खाली पालकाची सही लागते," मी म्हटलं. "बाबा करतीन काय?"

"पालक म्हणजे बापच, असं कुठी लिहिलं हाय त्याच्यात? दाखव मले."

मी कागद वर-खाली पाहिला. नव्हतं लिहिलेलं. आम्ही दोघींनी मायकडे पाहिलं. मायने तव्यावरची भाकर उलटली.

"मले काऊन पाहून राह्यल्या?"

"माय, सही पाहिजे."

"मले येते काय सही? अंगठा घ्या."

"अंगठा चालतो," सुमन म्हणाली, "पण सही बरी दिसते काकू."

 बाहेर बाबांच्या अडकित्त्याचा कट कट आवाज येत होता. मग तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "लिहून दाखव एकदा. मी पाहून काढतो."

त्या दिवशी मला जे दिसलं त्याला पुस्तकातलं नाव फार नंतर मिळालं. नातीने सांगितलं, की धाग्यावर काही आरंभस्थानं राखीव असतात. परवाना मिळालेला असतो, पण ती गप्प बसून राहतात. शेजारचं काम नीट चाललं तर त्यांची पाळी येतच नाही, जन्मभर कोणाला पत्ता लागत नाही. शेजारचं कुठे अडकून पडलं, तरच ती जागी होतात आणि उरलेला धागा पुरा करतात. मी तिला म्हटलं, "राखीव म्हणे! आमच्याकडे त्याले पोरगी म्हणत." पण खरं सांगते, तिने हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर मी नव्हते. माय होती.

मी चुलीजवळच्या फरशीवर कोळशाने तिचं नाव लिहिलं. कौसल्या. तिने ते तसं पाहिलं जसं परक्या घरची रांगोळी पाहतात, कुठला ठिपका कुठे आहे ते. मग फॉर्म पुढे ओढला आणि टाक धरला, चिमटीत. क पासून ती सुरू होईल असं मला वाटलं. तिने आधी वरची आडवी रेघ ओढली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदम सरळ. मग खाली पाच उभ्या काठ्या रोवल्या, मांडवाचे खांब रोवतात तशा. मग शेवटून य चं पोट भरलं, मग मधला स, मग दोन खांबांमधला तो अवघड अर्धा ल, मग मागे येऊन क चे दोन्ही कान.  सगळ्यात शेवटी वरच्या दोन मात्रा, कपाळावर टिकली लावावी तशा.

"झालं काय?" तिने विचारलं.

"झालं माय."

"बापाले मी सांगतो. तू भाकरीकडं पाय, करपून राह्यली."